चालतोस रे, पण उठतोस का?

(१९७४ च्या अकरावीच्या तुकडीच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात दुसऱ्या दिवशी सकाळी केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलं आहे.)



संयोजकांनी मला पंचवीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय 'साठीनंतर हृदयाची काळजी'. विषय मी जरा वाकवणार आहे. बोलणार हृदयाबद्दलच, पण मांड्यांच्या वाटेने जाणार.

कालची गोष्ट. संध्याकाळी ग्रुप फोटोसाठी आपण पायऱ्यांसमोर जमलो. सर आणि बाई खुर्च्यांवर, मागे दोन रांगा उभ्या, आणि पुढे सतरंजीवर बसायला फोटोग्राफर माणसं शोधत होता. पन्नास वर्षांपूर्वी याच पायऱ्यांसमोर सतरंजीवरच्या जागेसाठी आपली ढकलाढकली झाली होती, कारण पुढे बसलं की फोटोत चेहरा मोठा येतो अशी आपली समजूत होती. काल सतरंजी रिकामी. "माझा गुडघा", "माझी पॅंट नवी आहे", "मी आपला मागेच बरा". शेवटी सात-आठ जण बसले. फोटो निघाला आणि उठायची वेळ आली. एकाने शेजाऱ्याचा खांदा धरला, शेजाऱ्याने त्याच्या शेजाऱ्याचा, आणि तिघंही परत बसले. एक जण आधी रांगल्यासारखा चारी पायांवर आला आणि मग खुर्चीचा हात धरून उभा राहिला. सगळे पोट धरून हसलो. चारी पायांवर आलेला मीच होतो, त्यामुळे नाव घ्यायला हरकत नाही.

आणि हीच मंडळी त्या दिवशी सकाळी सहा वाजता मैदानाला फेऱ्या मारून फोन एकमेकांना दाखवत होती. "माझी नऊ हजार." "माझी अकरा हजार झाली, अजून संध्याकाळची बाकी आहेत." म्हणजे अकरा हजार पावलं चालता येतात आणि सतरंजीवरून उठता येत नाही. ही दोन्ही पायांचीच कामं ना? मग एक येतं आणि दुसरं का येत नाही? आज मला एवढंच सांगायचंय.

आधी एक गैरसमज नको. मी चालण्याच्या विरोधात बोलत नाहीये. नाहीतर उद्या घरी जाऊन सांगाल, डॉक्टर म्हणाला चालू नका. चालणं हृदयाला चांगलंच असतं, आणि ते कळलं कसं याची गोष्ट मजेदार आहे. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते. त्यांनी तिथल्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. एकाच बसमध्ये, एकाच शहरात, साधारण सारख्याच घरांतून आलेली माणसं. एक दिवसभर बसून, दुसरा दिवसभर जिना चढ-उतर करत तिकिटं फाडतोय. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, आणि झाला तरी उशिरा आणि सौम्य. १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं. मुंबईची बेस्टची दुमजली बस आठवा, म्हणजे चित्र डोळ्यांसमोर येईल. मॉरिस स्वतः ९९ वर्षं जगले.

या गोष्टीतला एक शब्द लक्षात ठेवा. जिना. त्याच्याकडे मी परत येणार आहे.

दहा हजार पावलांचं काय? तो आकडा कुठल्या वैद्यकीय ग्रंथातून आलेला नाही. टोकियोचं ऑलिंपिक झालं १९६४ साली. त्यानंतर, १९६५ मध्ये, जपानमधल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नाव ठेवलं 'मान्पो-केई'. म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आकडा गोल होता, लक्षात राहणारा होता, तो चिकटला. २०१९ मध्ये अमेरिकेत १६,७४१ स्त्रियांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सरासरी वय ७२. दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या पुढे आणखी फायदा दिसेना. तेव्हा रात्री साडेदहाला उरलेली आठशे पावलं पुरी करायला जे हॉलमध्ये गोल गोल फिरतात, त्यांनी झोपायला हरकत नाही. बायका टाळ्या वाजवतायत, म्हणजे घरोघरी तीच कथा आहे.

आता माझी चूक सांगतो. दादाची परवानगी घेतली आहे. दादा आपल्या चार वर्षं पुढे होता याच शाळेत, आणि आज तो तिसऱ्या रांगेत बसलाय, काठी शेजारच्या खुर्चीवर ठेवून.

आठ वर्षांपूर्वी दादाची ॲंजिओप्लास्टी झाली. घरात डॉक्टर मी. पथ्यपाणी मी ठरवलं. रोज एक तास चाल. तूप बंद, अंडी बंद, साय बंद, शेंगदाणे बंद, रात्री हलकं खा. दादा आज्ञाधारक. एवढा की मला कधी कधी वाटतं, त्याने माझं ऐकलं नसतं तर बरं झालं असतं. सकाळी नदीकाठाने एक तास, पाऊस असला तर छत्री घेऊन. दुपारी दोन फुलके, भाजी, पातळ वरण. रात्री वाटीभर मऊ भात आणि ताक. तीन वर्षांत ७२ किलोंवरून ६० वर आला. कोलेस्टेरॉल झकास, साखर ताब्यात, रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला. गावात जो भेटेल तो म्हणे, काय बारीक झालात हो! मीही म्हणायचो. त्याच्या पट्ट्याला वहिनीने खिळा तापवून दोन नवी भोकं पाडली होती, ती तो कौतुकाने दाखवायचा.

बारा किलो गेले. त्यातलं चरबी किती गेली आणि मांस किती गेलं हे मी कधी पाहिलं नाही. डॉक्टर असून नाही पाहिलं. मी त्याचा रिपोर्ट वाचत होतो. त्याची पॅंट मांडीभोवती फडफडत होती, ती पाहिली नाही. वहिनीने मात्र दोनदा सांगितलं होतं की हे हल्ली खुर्चीतून उठताना दोन्ही हात लावतात, आणि देवासमोर पाटावर बसायचं सोडून दिलंय. मी म्हणालो, वय झालं आता.

मग त्याला न्यूमोनिया झाला. नऊ दिवस अंथरुणात. त्यातून बरा होऊन घरी आला आणि तीन आठवड्यांनी रात्री बाथरूमला जाताना पायपुसण्यात पाय अडकला. पाय अडकणं हे काही विशेष नाही, आपला सगळ्यांचा अडकतो. आपण एक पाय झटकन पुढे टाकतो आणि सावरतो. दादाचा तो पाय झटकन पडला नाही. खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन झालं, चांगलं झालं. पण चालणं थांबलं ते पाच महिने. आणि ज्या हृदयासाठी हे सगळं पथ्य चाललं होतं, त्याचंच बिघडायला लागलं. साखर वाढली, रक्तदाब वाढला, चार पावलांत धाप लागायची. चालण्याने हृदय सांभाळलं जात होतं, पण चालणं ज्याच्यावर उभं होतं तेच आम्ही विकून खाल्लं होतं.

याला इंग्रजी वैद्यकात शब्द आहे, सार्कोपेनिया. ग्रीक भाषेत 'सार्क्स' म्हणजे मांस आणि 'पेनिया' म्हणजे कमतरता. अर्विन रोझेनबर्ग नावाच्या अमेरिकन संशोधकांनी तो शब्द १९८९ साली वापरात आणला. म्हणजे आपण कॉलेजात असताना तो नव्हताच. मी एम.डी. झालो तेव्हाही शिकवला नव्हता. मराठीत स्नायूक्षय म्हणू. म्हातारपण म्हणून आपण जे सोडून देतो, त्यातला बराच भाग हा स्नायूक्षय असतो.

तो होतो कसा? चाळिशीनंतर स्नायू हळूहळू कमी व्हायला लागतात, साठीनंतर वेग वाढतो, आणि आकारापेक्षा ताकद जास्त भराभर जाते. त्यातही एक खोच आहे. स्नायूंत ढोबळमानाने दोन प्रकारचे तंतू असतात. एक मंद पण चिवट, तासन् तास काम करणारे. दुसरे जलद आणि जोरकस, क्षणभर मोठी ताकद लावणारे. उडी मारणं, जिना चढणं, जमिनीवरून उठणं, तोल गेला की पाय पुढे टाकणं, हे दुसऱ्यांचं काम. वयाबरोबर आधी हे दुसरे जातात. आणि सपाट रस्त्यावर गप्पा मारत चालताना काम करतात ते पहिले. म्हणून अकरा हजार पावलं होतात आणि सतरंजीवरून उठता येत नाही. कालच्या फोटोचं कोडं एवढंच आहे.

मांडीतल्या मांसाचा हृदयाशी काय संबंध, असं कोणी विचारेल. खूप आहे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलून साठवणारी शरीरातली सगळ्यात मोठी कोठी म्हणजे स्नायू. कोठी लहान झाली की साखर रक्तात राहते आणि रक्तवाहिन्या खराब करते. पोटरी आवळली की पायातलं रक्त वर ढकललं जातं, म्हणून पोटरी हृदयाची मदतनीस. आणि तिसरं म्हणजे ओझ्याचा हिशोब. हातगाडी ओढायला चार माणसं होती, आता दोनच राहिली. गाडी तेवढीच, चढ तोच. दोघांची छाती फुटणार. कमी स्नायूंनी तोच जिना चढायचा तर हृदयाला जास्त धडधडावं लागतं.

सतरा देशांतल्या, त्यात भारतही होता, जवळजवळ १,४०,००० लोकांच्या मुठीची पकड मोजून त्यांच्यावर काही वर्षं लक्ष ठेवलं गेलं. २०१५ साली निष्कर्ष आले. पकड पाच किलोंनी कमी असेल तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. पुढचा धोका सांगण्यात मुठीची पकड रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षा सरस ठरली. आता याचा अर्थ स्पंजचा चेंडू दाबत बसलं की हृदय सुधारेल असा नाही. पकड हा आरसा आहे, सगळ्या शरीराच्या स्नायूंचा.

आपल्या लोकांना हे जास्तच लागू आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघे मित्र. दोघांच्या उंची-वजनाचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, अगदी एकच होतं, २२.३. दोघांच्या शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! २००४ मध्ये 'लॅन्सेट'ने दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला होता. बाहेरून सडपातळ दिसणारा आपला माणूस आतून तसा असतोच असं नाही. मांस आधीच कमी, त्यात पथ्याने आणखी घटवलं, की काय होतं ते दादाने भोगलं. वजनकाटा हे सांगत नाही. पट्ट्याचं भोकही सांगत नाही.

आणि अंथरुणाबद्दल एक सांगतोच. सरासरी ६७ वर्षं वयाच्या, म्हणजे नेमक्या आपल्याच वयाच्या, अकरा धडधाकट माणसांना दहा दिवस नुसतं झोपवून ठेवलं. कोणताही आजार नाही. दहा दिवसांत पायांचं मांस जवळपास एक किलो गेलं. म्हणून तुमचं काही ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी उठायची परवानगी दिली, की सून कितीही प्रेमाने म्हणाली 'बाबा, झोपून राहा', तरी उठायचं.

मग करायचं काय? जपानमध्ये मात्सुमोतो शहरात हिरोशी नोसे यांच्या गटाने एक सोपी गोष्ट करून पाहिली. सरासरी ६३ वर्षांच्या २४६ लोकांचे तीन गट. एकाने काही करायचं नाही. दुसऱ्याने आपल्यासारखं आरामात, दिवसाला आठ हजार पावलं चालायचं. तिसऱ्याने तीन मिनिटं भरभर, तीन मिनिटं सावकाश, असं आळीपाळीने, निदान पाच वेळा, आठवड्यातून चार दिवस. भरभर म्हणजे किती? बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतकं. पाच महिन्यांनी आरामात चालणाऱ्यांच्या मांडीच्या ताकदीत फारसा फरक नव्हता. भरभर चालणाऱ्यांची गुडघा ताठ करायची ताकद १३ टक्क्यांनी आणि वाकवायची १७ टक्क्यांनी वाढली, आणि रक्तदाबही उतरला. चालण्याची वेळ वाढवायची नाही, त्याच अर्ध्या तासात मीठ-मसाला घालायचा. आपल्या गावाला तर देवाने टेकडी दिली आहे. चढाचा रस्ता सोडून सपाटीने का जाता?

चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम हवाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत पासष्टीच्या पुढे ताकद आणि तोल दोन्हींवर भर आहे. जिम लावायची असेल तर लावा, पण खुर्ची पुरते. भिंतीला टेकवून ठेवलेली, हात नसलेली खुर्ची. हात छातीवर घडी घालून उठायचं, बसायचं. बसताना धपकन नाही, सावकाश, तीन मोजत. दहा वेळा, मग थांबा, परत दहा. ते सोपं झालं की कडेवर पिशवी घ्या, पाच किलो तांदळाची. भिंतीवर हात ठेवून जोर काढा. ओट्याला धरून टाचा उचला, वीस वेळा. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत होतं. दात घासताना एका पायावर उभं राहा, दुसरा हात बेसिनवर. आणि जिना! मॉरिस यांचा कंडक्टर नुसता चालत नव्हता, तो दिवसाला शेकडो पायऱ्या चढत होता. आपण त्याचं चालणं घेतलं आणि जिना लिफ्टला देऊन टाकला.

तसं पाहिलं तर आपल्याकडे हे सगळं होतं. पी.टी.च्या सरांनी आपल्याकडून बैठका काढून घेतल्या, त्या शिक्षा म्हणून. औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले, तेही आपल्यापर्यंत आले. उकिडवं बसून भांडी घासणारी, जात्यावर दळणारी आपली आजी सत्तराव्या वर्षी जमिनीवरून हात न टेकता उठायची. दिवसातून पन्नासदा उठत-बसत होती, एवढंच. डायनिंग टेबल, सोफा आणि कमोड आला, आणि उकिडवं बसायचं कारणच संपलं. कमोड फेका म्हणत नाही मी. ज्यांचे गुडघे गेलेत त्यांना तो हवाच.

खाण्याचंही सांगायला हवं, कारण चूक माझी तिथेच जास्त झाली. प्रथिनं. आपल्या देशातल्या शिफारशीप्रमाणे प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम. वयस्कांसाठी अनेक तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. म्हणजे साठ किलोंच्या दादाला साठ-सत्तर ग्रॅम. तो खात होता ते मी नंतर बसून मोजलं. तीस-पस्तीस भरलं. अंड्यात सहा ग्रॅम, कपभर दुधात सहा-सात, वाटीभर घट्ट वरणात साधारण तेवढंच, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठरा. सोयाबीनच्या वड्या स्वस्त आणि मस्त, कोरड्या पन्नास ग्रॅममध्ये पंचवीस. मटकी, हरभरे, छोले, दही, मासे, चिकन, ज्याला जे चालतं ते. एका जेवणात नाही, तिन्ही वेळा थोडं थोडं. सकाळी पोह्यांबरोबर काहीच नसतं, तिथे एक अंडं किंवा दूध घ्या. एकादशीची साबुदाण्याची खिचडी म्हणजे पिष्टच पिष्ट. तरी बरं त्यात शेंगदाण्याचा कूट असतो, प्रथिनं तेवढीच. ज्यांच्या मूत्रपिंडाला त्रास आहे त्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवायची नाहीत. आणि डबा आणून नुसती पावडर प्यायलात तर उपयोग नाही. बोस्टनमध्ये १९९४ साली वृद्धाश्रमातल्या शंभर जणांवर हे तपासलं आहे. व्यायामाशिवाय नुसत्या पूरक आहाराने काही हाती लागलं नाही.

बाई काहीतरी विचारतायत. माईक द्या त्यांच्याकडे.

बाई विचारतायत, "अरे, तुमचं ठीक आहे, माझं वय ८६. आता या वयात काय उपयोग?" बाई, तुमच्यासाठीच एक राखून ठेवलं होतं. मारिया फियातारोने नावाच्या डॉक्टरांनी १९९० साली वृद्धाश्रमात राहणाऱ्या दहा जणांना पायांसाठी वजनांचा व्यायाम दिला, चांगला जड, देखरेखीखाली. वयं ८६ ते ९६. म्हणजे त्या गटात तुम्ही सगळ्यात लहान! नऊ जणांनी आठ आठवडे पूर्ण केले. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांनी काठी सोडली. तेव्हा बाई, उपयोग आहे. पण तुम्ही एकटीने नाही करायचं, शेजारी कोणीतरी उभं राहायला हवं.

प्रामाणिकपणाने एक सांगतो, कारण इथे बसलेल्यांपैकी दोघे-तिघे डॉक्टर आहेत आणि नंतर मला पकडतील. सत्तर ते एकोणनव्वद वयाच्या १,६३५ जणांवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला. चालणं, ताकद, तोल, सगळं एकत्र. अडीच वर्षांहून जास्त काळ. पाव मैल, म्हणजे चारशे मीटर, चालण्याची क्षमता गमावणाऱ्यांचं प्रमाण ३५.५ वरून ३०.१ टक्क्यांवर आलं. हृदयविकाराचे झटके मात्र तेवढ्या काळात कमी झालेले दिसले नाहीत. म्हणजे बैठका काढल्या की गोळ्या बंद, असं कोणी समजू नका. गोळ्या चालू ठेवायच्या. चालताना छातीत दडपण आलं, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर थांबायचं आणि दाखवायचं. ठराविक अंतर चाललं की पोटरी भरून येते आणि थांबलं की बरं वाटतं, हेही दाखवायचं. त्यात पायाची रक्तवाहिनी अरुंद झालेली असू शकते. आणि जोर लावताना श्वास कोंडायचा नाही, रक्तदाब उसळतो. उठताना श्वास सोडा.

दादाचं पुढे काय झालं? एक फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी यायला लागली. पहिल्या दिवशी तिने त्याला पलंगाच्या कडेवर बसवलं, खाली दोन उशा घातल्या आणि म्हणाली, आजोबा, उठा. उंचावरून उठणं सोपं. पंधरा दिवसांनी एक उशी काढली. महिन्याने दुसरी. वहिनीने वरण घट्ट केलं आणि मी बंद केलेली अंडी परत सुरू केली, माझ्यासमोर, माझ्याकडे बघत. दादा काठीशिवाय नाही फिरत. पूर्वीसारखं एक तासही चालत नाही, वीस मिनिटं चालतो. पण काल रात्री तो आपल्या वर्गात गेला होता, वरच्या मजल्यावर. बावीस पायऱ्या. मी मागे होतो, हात तयार ठेवून. हात लागला नाही.

आता तुमची परीक्षा. दोन प्रश्न, दोन्ही सोपे. पहिला बसल्या जागी. दोन्ही हातांचे अंगठे आणि पहिली बोटं जोडून कडं करा आणि पोटरीच्या सगळ्यात जाड भागाभोवती धरा. बोटं पोटरीला पुरत नसतील तर छान. कडं सैल पडून फट राहत असेल तर माझ्याकडे या, लाजू नका. जपानमध्ये हीच चाचणी वापरतात. दुसरा प्रश्न असा: हात छातीवर, खुर्चीतून पाच वेळा पूर्ण उठायचं आणि बसायचं, न थांबता. आशियातल्या तज्ज्ञांनी ठरवलेली मर्यादा आहे १२ सेकंदांची. १२ किंवा जास्त लागले, तर ताकद तपासून घ्यायला हवी. गेल्या वर्षी मला चौदा लागले होते. आता दहा लागतात. जमिनीवरून उठणं अजून बाकी आहे, ते तुम्ही काल पाहिलंत.

ज्यांचं नुकतंच ऑपरेशन झालंय, ज्यांना चक्कर येते किंवा आज छातीत काही वाटतंय, त्यांनी करायचं नाही. बाकीच्यांनी खुर्च्या भिंतीला लावा. या घडीच्या खुर्च्या आहेत, सरकतात. जोडीदाराने मागून धरा.

पी.टी.चे सर खुणावतायत. काय सर? शिट्टी तुम्ही वाजवणार? आणलीय? बघा, सरांनी खिशातून काढली. मग झालंच. दादा, घड्याळ तू धर. सगळ्यांनी हात छातीवर. ए, शेवटची रांग, हात छातीवर! सर, वाजवा.